एसक्यूएल सर्व्हरची लॉग फाइल पुन्हा पुन्हा फुगते? श्रिंक करण्याआधी ती कशासाठी अडली आहे ते बघा

महिन्याची १० तारीख, उद्या जीएसटीआर-१ची मुदत, आणि बिलिंगच्या स्क्रीनवर बिल सेव्ह होत नाही. सर्व्हरवर जाऊन पाहिलं तर ड्राइव्हवर लाल पट्टी. डेटाची एमडीएफ फाइल जेमतेम ६ जीबी, शेजारची एलडीएफ मात्र १८० जीबी. एररचा क्रमांक ९००२, म्हणजे ट्रान्झॅक्शन लॉग भरला. हार्डवेअरवाल्याला फोन जातो, तो श्रिंक (फाइल आकसून लहान) करून देतो, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तोच फोन.

हे टिपण अशा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या दुखण्यासाठी आहे: मशीद बंदरची पेढी, अंधेरीतला इंडस्ट्रियल गाळा, भिवंडीचं गोदाम, एक विंडोज मशीन, त्यावर मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस किंवा स्टँडर्ड, आणि डेटाबेस सांभाळणारा पगारी माणूस (डीबीए) कोणी नाही. टॅली स्वतःच्याच फॉरमॅटमध्ये डेटा ठेवते, त्यामुळे फक्त टॅली वापरणाऱ्यांचा याच्याशी संबंध नाही.

कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे रोमन.

एलडीएफ म्हणजे रोजकीर्द

जुन्या पेढीत व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरायचा, मग खतावणीत. एसक्यूएल सर्व्हर नेमकं तेच करतो. प्रत्येक बदल आधी एलडीएफमध्ये लिहितो, एमडीएफमध्ये सावकाश उतरवतो. मध्येच वीज गेली तर चालू झाल्यावर रोजकीर्द वाचून खतावणी जुळवतो. म्हणून ही फाइल कचरा नाही. सर्व्हिस बंद करून ती डिलीट केली तर डेटाबेस 'रिकव्हरी पेंडिंग'मध्ये जाऊन बसतो. तिथून परत आला तरी कोणती बिलं अर्धवट राहिली याचा हिशेब लागत नाही.

दोन गोष्टींची गल्लत होते आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. लॉगमधली जुनी पानं पुन्हा वापरायला मोकळी होणं वेगळं, आणि डिस्कवर फाइल लहान होणं वेगळं. पानं मोकळी झाली तरी फाइलचा आकार तेवढाच राहतो. उलट पानं मोकळी नसतील तर श्रिंकची कमांड कितीही वेळा चालवा, फाइल हलत नाही. पानं का मोकळी होत नाहीत, हे सर्व्हर स्वतःच सांगतो. विचारायचं एवढंच:

सिलेक्ट नेम, रिकव्हरी_मॉडेल_डेस्क, लॉग_रीयूज_वेट_डेस्क फ्रॉम सिस.डेटाबेसेस

शेवटच्या कॉलममध्ये जो शब्द येईल तेच निदान. त्याआधी काहीही करू नका, सर्व्हर रीस्टार्टसुद्धा नको. जोडीला 'डीबीसीसी एसक्यूएलपर्फ(लॉगस्पेस)' चालवा. प्रत्येक डेटाबेसचा लॉग किती एमबीचा आहे आणि त्यातला किती टक्के खरोखर वापरात आहे, ते दिसतं. १८० जीबीपैकी २ टक्केच वापरात असेल तर कारण कधीच संपलं आहे, फक्त फाइल फुगलेली राहिली आहे. ९९ टक्के असेल तर कारण अजून जिवंत आहे.

काम ठप्प आहे, आधी ते सुरू करा

डिस्क पूर्ण भरली असेल तर त्याच ड्राइव्हवरच्या जुन्या बॅकअप फाइल आणि सेटअपच्या आयएसओ बाहेरच्या डिस्कवर हलवा. मग मॅनेजमेंट स्टुडिओत डेटाबेसवर राइट क्लिक, टास्क्स, बॅक अप, आणि प्रकार 'ट्रान्झॅक्शन लॉग'. हा बॅकअप वापरातल्या लॉगएवढा मोठा होतो आणि एक्सप्रेसमध्ये बॅकअप कॉम्प्रेशन नाही, म्हणून १८० जीबीच्या लॉगसाठी यूएसबी डिस्कवर तेवढी जागा आधी बघून घ्या. फुल बॅकअप कधीच झाला नसेल तर लॉग बॅकअप चालणारच नाही.

इथे नेहमी आपटणारी गोष्ट म्हणजे 'ऑपरेटिंग सिस्टिम एरर ५', ॲक्सेस डिनाइड. बॅकअप तुमच्या लॉगिनने लिहिला जात नाही, एसक्यूएल सर्व्हरच्या सर्व्हिस अकाउंटने लिहिला जातो. फोल्डरवर हक्क त्या अकाउंटला द्यायचे. एरर ३ आली तर पाथ सापडत नाही. झेड ड्राइव्ह म्हणून मॅप केलेली नेटवर्क डिस्क तुम्हाला दिसते, सर्व्हिसला दिसत नाही. तिथे दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा पूर्ण पाथ द्यावा लागतो.

कुठेच जागा नसेल तर दुसऱ्या ड्राइव्हवर तात्पुरती दुसरी लॉग फाइल जोडता येते ('ऑल्टर डेटाबेस … ॲड लॉग फाइल'). काम सुरू होतं. निस्तरून झाल्यावर ती काढायला विसरू नका. दोन लॉग फाइल असल्याने वेग वाढत नाही, गोंधळ मात्र वाढतो.

कारण 'लॉग_बॅकअप' असेल तर

छोट्या ऑफिसात बहुतेक वेळा हाच शब्द येतो. डेटाबेस 'फुल' रिकव्हरी मॉडेलमध्ये आहे आणि लॉगचा बॅकअप कोणीच घेत नाही. रिकव्हरी मॉडेल म्हणजे जुनी पानं कधी मोकळी करायची याचा नियम: 'सिंपल'मध्ये सर्व्हर ती आपणहून मोकळी करतो, 'फुल'मध्ये लॉग बॅकअप होईपर्यंत राखून ठेवतो. 'पण आम्ही रोज रात्री बॅकअप घेतो' हे ठरलेलं उत्तर. रोज रात्री होतो तो फुल बॅकअप. त्याने लॉगचं एकही पान मोकळं होत नाही. ते काम फक्त लॉग बॅकअपचं. गंमत म्हणजे फुल मॉडेल असूनही पहिला फुल बॅकअप होईपर्यंत लॉग सिंपलसारखाच वागतो. म्हणजे ज्या दिवशी कोणीतरी शहाणपणा करून पहिला बॅकअप घेतला, त्याच दिवसापासून फाइल फुगू लागते, आणि दोष येतो बॅकअप घेणाऱ्याच्या माथी.

एक्सप्रेसमध्ये नवा डेटाबेस सहसा सिंपल मॉडेलमध्येच बनतो. तरीही फुल दिसलं तर सॉफ्टवेअरवाल्याने स्वतःच्या स्टँडर्ड सर्व्हरवर बनवलेला डेटाबेस तुमच्याकडे रिस्टोर केला असण्याचा संभव जास्त. रिकव्हरी मॉडेल बॅकअपसोबत प्रवास करतं.

आता खरा निर्णय: सिंपल की फुल? स्वतःला एकच प्रश्न विचारा. दुपारी चारला डिस्क मेली तर सकाळपासूनची बिलं पुन्हा टाकता येतील का? दिवसाला तीस-चाळीस बिलं आणि प्रत्येकाची कागदी प्रत असेल तर सिंपल करा, रोज एक फुल बॅकअप आणि जेवणाच्या सुट्टीत एक डिफरन्शियल (शेवटच्या फुलनंतरच्या बदलांचा बॅकअप) घ्या, विषय संपला. बदल करण्याआधी आणि नंतर एकेक फुल बॅकअप घ्या, कारण सिंपल केल्याक्षणी लॉग बॅकअपची साखळी तुटते.

पण उलाढाल ५ कोटींच्या वर असेल, म्हणजे १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस लागू असेल, तर सिंपलच्या वाटेला जाऊ नका. सकाळच्या बिलांचे आयआरएन (ई-इन्व्हॉइसला मिळणारे क्रमांक) पोर्टलवर निघालेले असतात. डेटाबेस कालच्या रात्रीवर गेला की तुमच्याकडे ती बिलं नाहीत, पोर्टलवर मात्र आहेत. तोच बिल नंबर पुन्हा पाठवला की पोर्टल डुप्लिकेट म्हणून नाकारतं, आणि पोर्टलवरून आयआरएन रद्द करायची मुदत फक्त २४ तास. या ऑफिसांनी फुल मॉडेलच ठेवावं आणि दर १५ ते ३० मिनिटांनी लॉग बॅकअप घ्यावा. असा एकेक बॅकअप काही एमबीचाच असतो.

एक्सप्रेसवर वेळापत्रक लावताना

एक्सप्रेसमध्ये ठरल्या वेळी कामं चालवणारा एसक्यूएल सर्व्हर एजंट नाही, त्यामुळे विंडोज टास्क शेड्युलर आणि एसक्यूएलसीएमडी (कमांड लाइनवरून क्वेरी चालवणारं टूल). बॅच फाइलमध्ये एक ओळ: सर्व्हरचं नाव, विंडोज लॉगिन, आणि 'बॅकअप लॉग हिशेब टू डिस्क'ची क्वेरी (हिशेब हे इथे डेटाबेसचं नाव). ती ओळ सोपी आहे. फसगत होते ती पुढच्या चार ठिकाणी.

फाइलच्या नावात तारीख घालायला बॅचचा 'डेट' व्हेरिएबल वापरू नका. भारतीय रीजन सेटिंगमध्ये त्यात स्लॅश येऊ शकतो आणि फाइलच्या नावात स्लॅश चालत नाही. तारीख क्वेरीतच 'कन्व्हर्ट' स्टाइल ११२ ने बनवा, वर्ष-महिना-दिवस असे सलग आठ आकडे मिळतात. मागे तास-मिनिटं जोडा.

एसक्यूएलसीएमडीला स्मॉल 'बी' हा स्विच द्या. तो नसेल तर बॅकअप फेल झाला तरी शेड्युलर आनंदाने 'यशस्वी' दाखवतो. सहा महिने हिरवी खूण आणि फोल्डर रिकामं, हा प्रकार याच एका अक्षरामुळे होतो. एसक्यूएलसीएमडीची ओडीबीसी ड्रायव्हर १८ वर चालणारी नवी आवृत्ती असेल तर सर्टिफिकेटची एरर येते, कारण एन्क्रिप्शन आता मुळातच चालू असतं. त्याच मशीनवरून जोडताना कॅपिटल 'सी' स्विच दिला की भागतं.

टास्कमध्ये 'यूजर लॉग ऑन असो वा नसो' हा पर्याय निवडा. आणि वेळ बघून लावा. मुंबईच्या गाळ्यांत रात्री आठला शटर ओढताना मेन स्विच पाडण्याची पद्धत आहे. अकराचा फुल बॅकअप कागदावरच राहतो. साडेसातची वेळ ठेवा आणि 'वेळ चुकल्यास लवकरात लवकर चालवा' हा पर्यायही लावून ठेवा.

जुन्या फाइल 'फॉरफाइल्स'ने काढा, पण निदान दोन फुल बॅकअप आणि त्यांच्यानंतरचे सगळे लॉग शिल्लक राहतील इतके दिवस ठेवून. साखळीतली मधली एक फाइल गेली तर तिच्या पुढच्या सगळ्या निरुपयोगी.

बॅकअप त्याच मशीनवर ठेवणं म्हणजे न ठेवण्यासारखंच. तळमजल्याच्या गाळ्यात तर नाहीच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, पण तेवढाही लागत नाही. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या आसपास असाल तर एक जोराची सर आणि भरती पुरते. सीपीयू टेबलाखाली, बॅकअपची यूएसबी डिस्क त्याच्याच डोक्यावर, ही मांडणी आजच बदला.

अजून एक: क्लाउड बॅकअपचं एखादं टूल आधीच लॉग बॅकअप घेत असेल तर तुमचा दुसरा टास्क लावू नका. साखळीचे अर्धे दुवे त्याच्याकडे, अर्धे तुमच्याकडे, आणि रिस्टोरच्या दिवशी कोणाकडेच पूर्ण नाही.

'ॲक्टिव्ह_ट्रान्झॅक्शन'

कोणीतरी व्यवहार उघडून ठेवला आहे. सॉफ्टवेअर बेताचं लिहिलेलं असेल तर बिल दुरुस्तीची स्क्रीन उघडताच ट्रान्झॅक्शन सुरू होतं; स्क्रीन तशीच ठेवून मंडळी विरार लोकल पकडतात आणि लॉग रात्रभर तिथेच अडकतो. सिंपल मॉडेलमध्येसुद्धा. 'सिंपल केलं तरी फुगतंय' या तक्रारीचं उत्तर बहुधा हेच. त्या डेटाबेसमध्ये 'डीबीसीसी ओपनट्रॅन' चालवा. सर्वांत जुन्या ट्रान्झॅक्शनचा एसपीआयडी (जोडणीचा क्रमांक) आणि सुरू झाल्याची वेळ मिळते. त्या क्रमांकाने 'सिस.डीएम_एक्झेक_सेशन्स' बघितलं की कॉम्प्युटरचं आणि प्रोग्रामचं नाव कळतं. आधी त्या माणसाला स्क्रीन बंद करायला सांगा. तो घरी गेला असेल तर 'किल' आणि तो क्रमांक. मोठं काम उलटं फिरायला वेळ लागतो, तेव्हा घाईघाईने सर्व्हिस रीस्टार्ट करू नका. उरलेलं रोलबॅक चालू झाल्यावर करावंच लागतं, आणि कदाचित तोवर डेटाबेस कोणालाच उघडता येत नाही. 'किल … विथ स्टेटसओन्ली' ने किती उरलं ते दिसतं.

बाकी शब्द थोडक्यात. 'ॲक्टिव्ह_बॅकअप_ऑर_रिस्टोर' म्हणजे फुल बॅकअप अजून चालू आहे. ब्रॉडबँडवरून थेट बाहेर लिहीत असाल तर तो तासन् तास चालतो, आधी लोकल डिस्कवर घ्या आणि मग कॉपी करा. 'रेप्लिकेशन' (दुसऱ्या सर्व्हरवर आपोआप प्रत पाठवणं) दिसतं आणि तुमच्याकडे रेप्लिकेशन नाहीच, तर डेटाबेस कुठल्यातरी रेप्लिकेशनवाल्या सर्व्हरवरून आला आहे. सीडीसी (बदल टिपून ठेवणारी सोय) वापरात नाही याची सॉफ्टवेअरवाल्याकडून खात्री करून 'एसपी_रिमूव्हडीबीरेप्लिकेशन' चालवा. 'नथिंग' म्हणजे काही अडलेलं नाही, थेट श्रिंककडे जा.

श्रिंक: एकदाच, आणि योग्य मापाला

कारण दूर झाल्यावरच. 'सिस.डेटाबेस_फाइल्स' मधून लॉगचं लॉजिकल नाव घ्या. ते डिस्कवरच्या फाइलच्या नावापेक्षा वेगळं असू शकतं. रिस्टोर केलेल्या डेटाबेसमध्ये अनेकदा 'डेमो_लॉग' असलं काहीतरी निघतं. मग:

डीबीसीसी श्रिंकफाइल (हिशेब_लॉग, २०४८)

२०४८ म्हणजे एमबी. पहिल्या फटक्यात फाइल फारशी लहान झाली नाही तर घाबरू नका. श्रिंक फक्त शेपटीकडून कापतं आणि सध्या वापरातलं पान शेपटीतच असेल तर कापता येत नाही. अजून एक लॉग बॅकअप (सिंपलमध्ये 'चेकपॉइंट' ही कमांड), पुन्हा श्रिंक. दोन-तीन फेऱ्यांत होतं. जुन्या लेखांतली 'ट्रंकेट_ओन्ली'ची युक्ती शोधत बसू नका, एसक्यूएल सर्व्हर २००८ पासून ती काढून टाकली आहे.

माप काय ठेवायचं? शून्याच्या जवळ नेण्याचा मोह आवरा. फाइल पुन्हा वाढणारच, आणि वाढताना नवीन जागा आधी शून्यांनी भरावी लागते. २०१६ पूर्वीच्या आवृत्त्यांत लॉगची वाढ १० टक्क्यांनी ठरलेली असते. १०० जीबीच्या लॉगला एका वाढीत १० जीबी. सेकंदाला १०० एमबी लिहिणाऱ्या हार्ड डिस्कवर जवळपास पावणेदोन मिनिटं सगळं लिहिणं थांबतं. डॉटनेटच्या सॉफ्टवेअरचा कमांड टाइमआउट मुळात ३० सेकंदांचा. बिल फेटाळलं जातं आणि ऑपरेटर 'नेट गेलं' म्हणतो. ६ जीबीच्या डेटाला २ जीबी लॉग, वाढ २५६ एमबीची ठरावीक, कमाल मर्यादा २० जीबी, इथून सुरुवात करा. मग महिनाअखेर आणि एप्रिलचं वर्षबदल होऊन गेल्यावर लॉगस्पेसचे आकडे बघून माप पक्कं करा. मर्यादा लावल्याने लॉग भरला तर तो डेटाबेस अडेल, पण विंडोजचा ड्राइव्ह भरून अख्खं मशीन बसणार नाही.

लॉग आतून छोट्या तुकड्यांत विभागलेला असतो, त्यांना व्हीएलएफ म्हणतात. १ एमबीच्या वाढीने फुगलेल्या लॉगमध्ये असे हजारो तुकडे होतात, आणि वीज जाऊन आल्यावर डेटाबेस बराच वेळ 'इन रिकव्हरी' दिसत राहतो. २०१६ एसपी२ पासून 'सिस.डीएम_डीबी_लॉग_इन्फो' मध्ये एका ओळीला एक तुकडा दिसतो. शेकड्यांत ओळी आल्या तर लॉग लहान करून वरच्या मापाला एकदम वाढवा.

'ऑटो श्रिंक' बंद असल्याची खात्री करा. आणि स्टँडर्डवर रोज रात्री सगळे इंडेक्स रीबिल्ड करणारा मेंटेनन्स प्लॅन असेल तर तो आठवड्यावर आणा. फुल मॉडेलमध्ये रीबिल्ड केलेल्या इंडेक्सएवढाच लॉग तयार होतो. ६ जीबीच्या डेटाला रोज रीबिल्ड हा निव्वळ हौसेचा मामला.

नावाने लॉग, पण काम वेगळं

'लॉग काढू नका, सीएने ऑडिट ट्रेल ठेवायला सांगितलंय' असं कोणी म्हणालं तर ती वेगळी चीज आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला ऑडिट ट्रेल बंधनकारक आहे. तो सॉफ्टवेअरच्या टेबलांत, म्हणजे एमडीएफमध्ये राहतो. एलडीएफ श्रिंक केल्याने त्याला धक्का लागत नाही. टेबल साफ करून जागा करायला गेलात तर मात्र लागेल.

सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतली लॉग १८० दिवस ठेवण्याची अटही एलडीएफला उद्देशून नाही. ती ज्यांना लागू आहे त्यांनी 'एररलॉग' फाइलकडे, म्हणजे सर्व्हरच्या घडामोडींच्या नोंदवहीकडे बघावं. सर्व्हर एका चालू फाइलखेरीज मुळात ६ जुन्या ठेवतो, आणि प्रत्येक रीस्टार्टला नवी सुरू करतो. रोज मेन स्विच पडणाऱ्या ऑफिसात म्हणजे जेमतेम आठवड्याचा इतिहास. संख्या ९९ पर्यंत वाढवता येते, तरीही रोजच्या रीस्टार्टला ९९ दिवसच भरतात; दर रविवारी त्या फाइल दुसरीकडे कॉपी करा.

हाच एररलॉग काही जीबींचा झाला असेल तर उघडून बघा. 'एसए' या मुख्य लॉगिनसाठी एरर १८४५६ (लॉगिन फसलं) च्या ओळी दर सेकंदाला पडत असतील तर शेटजींच्या मोबाइल ॲपसाठी राउटरवर १४३३ पोर्ट उघडा ठेवला आहे आणि बाहेरून कोणीतरी पासवर्ड ओळखायच्या खटपटीत आहे. पोर्ट आधी बंद, ॲपसाठी व्हीपीएन, मग 'एसपी_सायकल_एररलॉग'.

मायएसक्यूएल असेल तर फुगणाऱ्या फाइल बिनलॉगच्या (बदलांच्या नोंदीच्या) असतात. ८.० मध्ये बिनलॉग मुळातच चालू असतो आणि ३० दिवस राहतो, ५.७ मध्ये तो चालू केलेला असेल तर मुदतच नसते. फाइल एक्सप्लोररमधून उडवू नका, इंडेक्स फाइलशी मेळ तुटतो. 'पर्ज बायनरी लॉग्ज बिफोर' ही कमांड वापरा. पोस्टग्रेसमध्ये लॉगचं 'पीजी_वाल' फोल्डर वाढत असेल तर आधी 'पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स' बघा. बंद पडलेल्या बॅकअप सर्व्हरचा एखादा स्लॉट (कुठपासूनचा लॉग राखायचा याची खूण) तिथे अडून बसलेला असू शकतो. तो काढला की पुढच्या एक-दोन चेकपॉइंटला जागा आपोआप सुटते. त्या फोल्डरला हात लावायचा नाही. आवृत्ती १० पूर्वी त्याचं नाव 'पीजी_एक्सलॉग' होतं, आणि नावात 'लॉग' दिसल्यामुळे लोक ते बेधडक डिलीट करत, म्हणूनच ते बदललं.